मुठीचं माप

हँडल ओफेलिनकडून आलं, सोलांच्या बदल्यात.
दोन शेर सोलं, उन्हात नीट वाळलेली.
तिच्या मुलानं ते कुठल्याशा बंदरातून आणलं
आणि तो परत बोटीवर गेला;
चार वर्षं ते कोंबड्यांच्या खुराड्यावर पडून.
म्हशीच्या शिंगांसारखं: आधी पुढे झेपावतं,
मग विचार बदलल्यासारखं मागे वळतं
आणि टोकं माझ्याच पोटाशी आणून ठेवतं.

माझ्या सायकलीला सळयांचे ब्रेक.
सळईला वळण कळत नाही.
म्हणजे तार आली, तारेमागून नवी दांडी.
पण कुठली?

मी दिवाडीवर पाण्याचे मीटर वाचते.
दिवसाला साठ घरं, म्हणजे साठदा थांबणं.
सायकल चालवते ती मधल्या जागेत.
पगार मला थांबण्याचाच मिळतो.

पणजीच्या दुकानातल्या पोरानं रेसच्या दांड्या काढल्या,
काळं रबर चढवलेल्या,
तारेवर दोन कावळे बसावेत तशा.
वारा कापतात, म्हणाला.
अरे, मला वारा नको कापायला,
मला वाझांच्या फाटकाशी थांबायचंय,
त्यांच्या कुत्र्याची दोरी संपते तिथून हातभर अलीकडे.

म्हापशाच्या शुक्रवारी साध्या, सरळ मिळाल्या.
त्यांचा गळपट्टा बावीसचा, माझा नळ चोवीसचा.
दोन मिलिमीटरवर लग्नं मोडतात, बाई,
विकणारा म्हणाला
आणि समोरच्या मिरच्यांच्या ढिगाकडे बघत बसला.
भंगारात लुनाची एक होती, झाऱ्याएवढी.
तिला चार बोटं लागतात, चारही शहाणी.

मळारच्या रुझार मेस्तानं हँडलकडे पाहिलंच नाही.
"तें कुशीक दवर. हात दाखय, सुलक्षाबाय."

माझी उजवी तर्जनी
सातव्या वर्षी आदोळीवर कापलेली.
तेव्हापासून हाक मारली तर उशिरा येते.
रुझारनं डोळे मिटायला लावले,
हवेत मूठ मिटायला लावली. पुन्हा. अजून एकदा.
मधलं बोट आधी पोचतं, मागून अनामिका,
करंगळी त्यांच्या पदराला धरून.
तर्जनी वाटेतच.
त्यानं माझ्या नखांवर खडूच्या रेघा मारल्या,
एवढ्या गंभीरपणे माझा हात
डॉक्टरनंही कधी धरला नव्हता.

मग माळ्यावरून उलट्या दांड्या काढल्या.
या नळाच्या पोकळीत खुपसायच्या,
आतून फुगून बसतात, बावीस-चोवीसचं भांडणच नाही.
बिजागरी माझ्याकडे, टोक पुढे.
ते पुढचं टोक त्यानं करवतीनं उडवलं, एका पेराएवढं,
आणि कानशीनं इतकं गोल केलं
की बाळाच्या हातात द्यावं.
आता टोकाशी मधलं बोट येतं.
तर्जनीला काम नाही,
ती हँडलवर बसून रस्ता दाखवते.

जुने ब्रेक तीन घरं आधी किंचाळायचे.
नवे लागले ते माझ्याही कानाला कळलं नाही.
ओफेलिनच्या माडांच्या मुळाशी
मीटरला वळसा घालून आलेली निळी नळी
शांतपणे पाणी सोडत होती.
तिनं आधी नळी पाहिली.
मग मला.
मग हँडल.
काटा चौदावर होता. मी चौदा लिहिले.
पेनाला सोलांचा वास आला, किंवा तसं वाटलं.

आता वळणाच्या पुष्कळ अलीकडून मी घंटी वाजवते.
तिच्याच नाही, सगळ्यांच्याच.

यंदा दुसऱ्यांदा घंटीची स्प्रिंग बदलताना रुझार म्हणाला,
"ब्रेक इतले बरे, मागीर घांट कित्याक झिजता गे?"
मी पैसे मोजून दिले
आणि धक्क्याच्या उतारावर सायकल सोडली.
खाली फेरीबोट फळी उचलत होती.
मधलं बोट, अनामिका,
आणि पुढचं चाक उभं
पाण्यापासून वीतभर.